सकारण लिहा

सी.ए.च्या पेपरातला शेवटचा प्रश्न वाचून शर्वाणीचं पेन थांबलं. ‘एकट्याने फर्म चालवणारे सी.ए. वारले. मुलगी सी.ए. नाही. वडिलांच्या नावाची फर्म ती पुढे चालवू शकते का? सकारण लिहा.’ बाबांना जाऊन दोन महिने झाले होते. हैदराबादेत काचीगुड्याच्या ऑफिसवरची त्यांची सी.ए.ची पाटी तिने काढू दिली नव्हती. त्यांच्याच खुर्चीत बसून ती येणाऱ्यांना सांगे, “होईल तुमचं काम.” सकाळीच कारकून हिम्मतरावकाका म्हणाले होते, “ताई, या खेपेला पास व्हाच. सही कोण करणार, लोक विचारायलेत.” “क्या सोचरे अम्मा?” पर्यवेक्षिका वाकून म्हणाल्या. “दसीच मिनट हैं. लिखो.” ‘हो’ लिहिलं तर गुण गेले, ‘नाही’ लिहिलं तर उद्या कोणत्या तोंडाने त्या खुर्चीत बसायचं? तिने ‘नाही’ लिहिलं. कारणं आठवावी लागली नाहीत; बाबांनीच तिच्याकडून घोकून घेतली होती.