छगनला गोळी कुठे लागली

"छगनभाऊंनी गोळी छातीवर झेलली," हेमकांतशेठ माइकवर म्हणाला, तशी जसोदाबाईने हार घातलेल्या फोटोकडे पाहिलं. नवरा गेल्या वर्षापेक्षा बराच शूर झाला होता.

मुंबईच्या हल्ल्यात छगन स्टेशनवर मारला गेला. पहिल्या श्रद्धांजलीच्या भाषणात तो गावच्या गाडीची वाट बघत बसलेला होता. मग कधीतरी उभा राहिला. पुढे त्याने कुणाच्या पोराला आडोसा दिला. यंदाच्या सव्वीस नोव्हेंबरच्या, आठवडाभर आधी वाटलेल्या पत्रिकेत त्याने बंदुकीची नळीच धरली. मेलेल्या माणसाचं कौतुक कुणाला जड होतंय, म्हणून जसोदाबाई आजवर गप्प राहिली.

कार्यक्रम शेठच्या मिरचीच्या पथारीवर. लाल मिरची उन्हात पसरलेली, ती परतणाऱ्या बाया जागेवर हजर. गर्दी जमवायला जीप पाठवावी लागत नाही. त्यात मिरचीच्या ठसक्याने पाहुण्यांचे डोळे आपसूक वाहतात, फोटो झकास येतात.

"मावशी, डोळ्यांना जरा पदर लावा ना," फोटोवाला पुटपुटला.

"माले मिरचीनी सवय शे, भो. तुले लागत व्हई तर पदर देस."

शेजारी काजल मान खाली घालून बसली होती. बाप गेला तेव्हा ती पाळण्यात. परवा रनाळ्याच्या शेतात कापूस वेचताना बिबट्या दिसला आणि ती ओटीतला कापूस सांडत घरापर्यंत पळाली. पळाल्या तर सगळ्याच; बाकीच्या घरी जाऊन पोटभर जेवल्या. काजल जेवली नाही. पोलीस भरतीसाठी रोज पहाटे धावायची, तेही सोडलं. "बापनी बंदूक धरी," एवढंच म्हणाली, "आनि मी पयनू."

शेठचं भाषण संपलं. "आता वीरपत्नी दोन शब्द बोलतील." दरवर्षी ती नुसते हात जोडायची. आज तिने माइक धरला.

"शेठ, गोयी छातीमा नही, पाठमा लागनी व्हती. मी सोता देखेल शे."

टाळीसाठी उचललेले हात तसेच राहिले. शेठने माइकवर पंजा ठेवला. "वहिनी, असं चारचौघांत बोलू नये. पाठीवर गोळी म्हणजे लोक काय समजतील?"

जसोदाबाईने त्याचा पंजा बाजूला केला, पानावरची माशी करावी तसा.

"तो पयी ऱ्हायंता, असंच समजतीन. खरंच शे ते. समोर बंदूक व्हती, आनि घर पाळनामा पोर व्हती. तो घर येवासाठे पयना. त्याले कोनी भित्रा म्हनत व्हई तर मन्हासमोर म्हना."

एक पाहुणे शिंकले. बायांनी मिरची परतायची थांबवली होती.

काजलने मान वर केली. माइक चालू आहे याचंही तिला भान नव्हतं.

"माय, जोरमा पये का तो?"

जसोदाबाई तिच्याकडे वळली.

"गावमा कोनलेच सापडे नही."