भिंतीपुढच्या चपला

कात्रजच्या डोंगरातल्या लांबट गुहेत गावकरी उन्हाळ्यात गुरं बांधत. आत जाणाऱ्यानं चपला बाहेर काढायच्या, आणि चपला दिसल्या तर काटेरी फांद्यांनी तोंड बंद करायचं नाही, एवढाच तिथला नियम.

हिंदुरावानं गुहेसकट आपली जमीन बिल्डरला विकली. गुहेचं तोंड काँक्रीटनं बुजवलं, तेव्हा हिंदुराव ऐटीत उभा राहून बघत होता. दुसऱ्या दिवशी भिंतीपुढे शेणानं माखलेल्या जुनाट चपला होत्या.

"आत कुणीतरी हाय," त्याची बायको मथुराबाई म्हणाली.

"भिंतीतनं गेलं व्हय कुणी?" तो खेकसला, आणि चपला ओढ्यात भिरकावल्या.

रोज नवा जोड दिसायचा, रोज तो भिरकावायचा. मथुराबाईनं त्याच्याशी बोलणंच टाकलं.

आठव्या दिवशी भर दुपारी तो एकटाच गेला. भिंतीपुढच्या चपलेचा तुटका अंगठा निळ्या दोरीनं बांधला होता. ती गाठ त्यानं सकाळीच मारली होती.

त्यानं खाली पाहिलं. पाय अनवाणी होते आणि तळव्यांखालचा दगड गारेगार होता. मान वर केली, तर समोर मिट्ट काळोख.

भिंतीपलीकडून त्याचाच आवाज आला, "भिंतीतनं गेलं व्हय कुणी?"

मग ओढ्यात चपला आपटल्याचा.