फ्रिजमधली अळंबी

सुचेता कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. एकदा टाउनशिपमधल्या आपल्याच क्वार्टरमागे तिला एक जाडजूड अळंबी मिळाली. टोपीखाली पापुद्रे नव्हते, स्पंजासारखी छिद्रं होती. या जातीच्या अळंब्या तिने फक्त सालाच्या जंगलात पाहिल्या होत्या. भोपाळमध्ये ही कुठून आली, ते तिला उलगडेना. कॉलेजात नेऊन तपासू, म्हणून तिने ती फ्रिजमध्ये ठेवली.

सकाळी सासूबाईंनी तिची भाजी केली आणि चव घेऊन पाहिली. दुपारी त्यांना उलट्या सुरू झाल्या.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कौन सा मशरूम था?"

"अभी पहचान नहीं हुई है," सुचेता पुटपुटली.

"घबराइए मत. शहर में मशरूम की एक जानकार मॅडम हैं, उन्हीं से पूछ लेते हैं."

त्यांनी फोन लावला आणि सुचेताच्या पर्समध्ये घंटी वाजली.

संध्याकाळी उलट्या थांबल्या. सुचेता पलंगाशेजारी मान खाली घालून बसली होती.

"रडतेस काय वेड्यासारखी?" सासूबाई म्हणाल्या. "नाव सापडेल तेव्हा सापडेल. पचत नाही, एवढं तरी आज नक्की झालं."