चिल्लरगाडी

बँकेच्या चिल्लरगाडीवरच्या कॅशियरच्या डोक्यात संशयाचा किडा वळवळत होता. या गल्लीतले लोक गाडीतल्या नाणी मोजायच्या यंत्रात डबेच्या डबे चिल्लर ओतायचे, नोटा घ्यायचे आणि जाताना त्याच नोटा मोडून पुन्हा चिल्लर न्यायचे. हिरवा रंग सांडलेलं एक नाणं तर दर खेपेला परत यायचं.

आज त्याने गल्लीतल्या कपडे शिवणाऱ्या टेलरला धरलंच. "काय पोरखेळ लावलाय हो सगळ्यांनी? यंत्र झिजतंय माझं!"

"साहेब, जरा खाली उतरून पलीकडून बघा."

कॅशियर तणतणत उतरला. पलीकडे टेलरची नात गाडीच्या पत्र्याला दोन्ही तळवे आणि गाल चिकटवून, डोळे मिटून उभी होती. आत शेजारीण डबा ओतत होती, अगदी सावकाश.

"जन्मापासून काहीच ऐकू येत नाही तिला," टेलर म्हणाला. "एवढं मात्र येतं."

कॅशियरने पत्र्यावर हात ठेवला. गडगडाट पार खांद्यापर्यंत चढला.

डबा संपला. पोरीने डोळे उघडले.

कॅशियर घाईघाईने वर चढला, यंत्राखालचा भरलेला ट्रे ओढला आणि हिरव्या नाण्यासकट सगळी चिल्लर पुन्हा पहिल्यापासून ओतायला लागला, अगदी सावकाश.