सोमवारची कढई

चुडाव्याच्या बसवंतरावांचा ऊस शुक्रवारीच तोडून होई, पण गुऱ्हाळाची पहिली कढई ते महादेवाचा वार म्हणून सोमवारीच चढवीत. आणि तो गूळ दरसाल काकवीसारखा लिबलिबीत राही. १९५६ साली शेतकी खात्याचे निरीक्षक कानडखेडकर यांनी त्यांना कारण समजावले. तोडलेल्या उसातले इन्व्हर्टेज नावाचे विकर साखर फोडत राहते, आणि फुटलेल्या साखरेची ढेप बसत नाही.

“ते मुहूर्तासाठी थांबत नाही, बसवंतराव. यंदा तोडल्याबरोबर गाळू. ढेप बसली, तर तुम्ही सोमवार सोडायचा.”

“आन् न्हाई बसली तर?”

“तर तुमच्या महादेवापुढे मी नारळ फोडीन.”

“शर्त कबूल, सायब.”

जन्मात नारळ न फोडलेल्या निरीक्षकांना या पैजेत काडीचाही धोका दिसला नाही.

प्रयोग पाहायला त्यांचे मोठे साहेब गुरुवारच्या गाडीने येणार, म्हणून त्याच सकाळी ऊस तोडला. साहेब आले नाहीत. त्यांच्या हस्ते व्हायचा प्रारंभ परस्पर उरकणे निरीक्षकांना शिस्तीला धरून वाटेना. साहेब रविवारी उतरले. कढई चढली, फोटो निघाला, साहेब परतले. सोमवारी साचा उलटा केला, तर ढेपेऐवजी लगदा ओघळला.

बसवंतरावांच्या पत्नी चन्नबसम्मा यांनी नारळ आणून निरीक्षकांच्या हातात दिला. बसवंतराव म्हणाले,



“फोडा, सायब. तुमचं इन्व्हर्टेज मोठ्या सायबासाठी थांबलं न्हाई, ते आमच्या महादेवासाठी कशाला थांबल?”