तीन बोटं वर

चिखल्याच्या खाणीतून रिटायर झालेल्या भैय्यालालला केमोचं चौथं इंजेक्शन लागलं. सुट्टी देताना नर्सबाईंनी त्याला चिनी वैद्यांची एक जुनी युक्ती दाखवली. मनगटाच्या रेघेपासून तीन बोटं वर, दोन शिरांच्या मधोमध अंगठ्यानं दाबून धरायचं. गोळ्या घ्यायच्याच, पण मळमळलं की हेही करून पाहायचं.

नागपूरहून तुमसरला परतताना एसटीत तो तेच करत बसला. शेजारी देवकाबाई. मांडीवरच्या पिशवीत पाण्याची बाटली, लिंबू आणि उलटीसाठी प्लास्टिकच्या रिकाम्या पन्न्या घेऊन ती सारखी नवऱ्याच्या तोंडाकडे पाहत होती. मौदा गेलं, भंडाराही गेलं, तरी त्याला उलटी झाली नाही.

"आता बरं वाटते ना जी?"

"हो," म्हणत त्यानं तिचाच हात आपल्या मांडीवर ओढून घेतला, बांगड्या मागं सारल्या, तीन बोटं मोजली आणि अंगठा दाबला.

"लोकं पाहून राहिले ना! मळमळ तुमाले होते, मले कायले दाबता?"

"जीव घाबरत असन तर त्यालेबी हेच चालते, असं सांगतलं नर्सबाईनं."

"मले काय झालं घाबराले?" ती म्हणाली. पण हात काही तिनं सोडवून घेतला नाही. खिडकीबाहेर धानाच्या बांध्या मागं पडत राहिल्या आणि तिची मान हळूच त्याच्या खांद्यावर कलली.

तुमसर आलं, तेव्हा पेशंटलाच तिला हलवून उठवावं लागलं. दोन महिन्यांत ती पहिल्यांदाच अशी गाढ झोपली होती.