सत्तावीस रेघा

सांगलीत, हळदीच्या वखारींमागे खोली एक, माणसं पाच, खिडकी शून्य, रोजच्या भाकऱ्या बारा. जुन्या चुलीवर त्या भाजताना बनुबाईंनी धुरानं चुरचुरणारे डोळे पदरानं सत्तावीस वेळा पुसले. नवी चूल घालायला आलेली मी दर वेळी वहीत रेघ ओढली. मग तिथं मी धूर नळीतून छपरावर सोडणारी धुराड्याची चूल घातली आणि वाळल्यावर आज पेटवली. त्यांच्या सासूबाई उंबऱ्यावर ठाण मांडून मला म्हणाल्या, “पोरी, समदा जाळ तुज्या नळकांड्यातनं वर जाणार. भाकरी फुगली न्हाई, तर उपटून टाकीन!” बनुबाईंनी पहिली भाकरी निखाऱ्यांपुढं उभी केली. भाकरी टम्म फुगली. सासूबाईंनी वाकून बघितलं. “आगं बने, इतकी वर्सं धुरात दिसलंच न्हाई! तुजी भाकरी लय वाकडी हाय की!” बनुबाई हसत सुटल्या आणि त्यांनी पदरानं डोळे पुसले. बारा भाकऱ्यांनंतर वहीत रेघ एक.